फॉर्ममध्ये नसलेला रकाना

परवाच्या लाँग वीकेंडला अकोल्याला घरी गेलो होतो. बॅगेत फ्रॉइड होता (हो, सॉफ्टवेअरवाले पण वाचतात!). रात्री मोठ्या आईने विचारलं, "काय वाचून राह्यला रे?" म्हटलं, माणूस स्वतःवरच का उलटतो, त्याबद्दल आहे. ती गप्प झाली. मोठे बाबा २००६ च्या पावसाळ्यात गेले. आमच्या घरात त्याला अजूनही "ते झालं तेव्हा" असंच म्हणतात.

फ्रॉइडचा १९१७ चा एक निबंध आहे, शोक आणि विषण्णता यांतल्या फरकावर. विषण्ण माणूस स्वतःला जे बोल लावतो, ते मुळात दुसऱ्या कुणाला तरी लावायचे असतात. बाहेर जायचा राग आत वळतो, असं त्याचं म्हणणं. वाचताना मला थेट आमची कपाशी आठवली. पण व्हिएन्नातल्या त्या पेशंटच्या दारात सावकार उभा नव्हता ना! दुर्खाइमने १८९७ मध्येच उलट बाजू मांडली होती: एकट्या माणसाचं मन बघू नका, त्याच्याभोवतीचा समाज बघा. गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ मध्ये कलकत्त्यात मनोविश्लेषणाची संस्था काढली, फ्रॉइडशी पत्रव्यवहारही केला. आमच्याकडे मात्र डोक्याचा डॉक्टर म्हणजे नागपूर, आणि नागपूर म्हणजे वेड लागलं. असो.

जुलै २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात येऊन गेले. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम आणि वर्धा या सहा जिल्ह्यांना ३,७५० कोटींचं पॅकेज मिळालं. निम्म्याहून जास्त रक्कम सिंचनासाठी होती. म्हणजे सरकार दुर्खाइमच्या बाजूचं म्हणायचं. आणि चूक तरी कशी म्हणणार? कोरडवाहू शेतीला समुपदेशनाने पाणी मिळत नाही.

पण खरी गंमत (गंमत कसली म्हणा) कागदात आहे. शेतकरी गेला की एक लाखाच्या मदतीसाठी चौकशी होते. नापिकी, बँकेचं किंवा परवानाधारक सावकाराचं कर्ज, वसुलीचा तगादा. हे सिद्ध झालं तर प्रकरण 'पात्र'. आजार, दारू, घरातली भांडणं असं काही पुढे आलं की 'अपात्र' व्हायची भीती. म्हणजे मनाबद्दल बोललात तर घरच्यांचं नुकसान! शंभर वर्षांचा वाद तलाठ्याच्या फॉर्मने असा एका फटक्यात मिटवला.

मनाकडे बघणारं काम नंतर आलं. 'विश्राम' नावाच्या प्रकल्पात अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत गावच्याच कार्यकर्त्यांना शिकवून घरोघरी पाठवलं. १८ महिन्यांत, नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. हे २०१७ मध्ये 'लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री'त छापून आलंय. कर्ज तिथेच होतं, तरी माणसं बोलायला लागली. दुर्खाइम की फ्रॉइड हा प्रश्नच मला त्यामुळे जरा पुस्तकी वाटायला लागलाय. त्याच वर्षीच्या मानसिक आरोग्य कायद्याने, आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरून त्याला शिक्षेपासून वाचवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा गाळताना मोठी आई आपणहून बोलली.

"तीन हप्ते झोपलेच नव्हते ते. रातभर अंगणात बसून राहत. एकटेच बोलत."

म्हटलं, हे तू कधी सांगितलं नाहीस?

"तलाठी आला तेव्हा तुह्या आजोबानं सांगतलं होतं, फक्त कर्जाचं बोलजो. तुह्या ताईचं लग्न होतं ना बाप्पा."

प्रकरण पात्र ठरलं होतं.