पावसात न भिजताही कॅमेऱ्याच्या लेन्सला बुरशी का लागते?

जूनमध्ये कॅमेरा बॅगेत भरून कपाटात ठेवला. गणपतीत बाहेर काढला, तर फोटो धुरकट. लेन्स उजेडात धरली की काचेच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे दिसतात आणि कितीही पुसले तरी जात नाहीत. मुंबई-कोकणातल्या अनेक फोटोग्राफर्सना हा अनुभव येतो. हे धागे म्हणजे बुरशी. पण लेन्स तर भिजलीच नव्हती, मग ती आली कुठून?

बुरशी कशी लागते?

बुरशीचे बीजाणू हवेत सगळीकडे असतात. बहुतेक लेन्स पूर्णपणे हवाबंद नसतात. झूम करताना आतली भिंगं सरकतात, हवा आत-बाहेर होते आणि तिच्यासोबत धूळ आणि बीजाणूही आत जातात. हवेतली आर्द्रता बराच काळ ६०-६५ टक्क्यांच्या वर राहिली की ते वाढू लागतात. जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईत आर्द्रता अनेकदा ८० टक्क्यांच्या पुढे असते. त्यात बंद बॅगेत अंधार, ओल आणि कोंडलेली हवा मिळते. धूळ आणि बोटांचे तेलकट ठसे हे बुरशीचं खाद्य.

नुकसान किती होतं?

सुरुवातीला फोटोत काहीच जाणवत नाही. बुरशी पसरली की कॉन्ट्रास्ट कमी होतो, विशेषतः उजेडाच्या दिशेने फोटो काढताना. बुरशीतून निघणारी आम्लं काचेवरचं कोटिंग कोरतात. लवकर लक्षात आलं, तर दुरुस्ती करणारे लेन्स उघडून ती साफ करू शकतात. पण कोटिंग एकदा कोरलं गेलं की डाग कायमचा राहतो.

लेन्स कशी ठेवायची?

• बजेट असेल तर ड्राय कॅबिनेट घ्या. त्यात आर्द्रता ४० ते ५० टक्के ठेवा.
• बजेट नसेल तर हवाबंद झाकणाचा प्लास्टिकचा डबा, सिलिका जेल आणि छोटा हायग्रोमीटर पुरतो. नारिंगी जेल हिरवं झालं की ते ओलावा शोषून भरलं आहे. ते वाळवा किंवा बदला.
• डब्यात तांदूळ टाकू नका. त्याची पूड लेन्समध्ये जाते.
• चामड्याच्या कव्हरमध्ये लेन्स महिनोन्‌महिने ठेवू नका. चामडं ओल धरून ठेवतं.
• एसीतून दमट हवेत जाताना बॅग लगेच उघडू नका, नाहीतर काचेवर दव धरतं.
• लेन्स शर्टाने पुसू नका. आधी ब्लोअरने धूळ उडवा, मग मायक्रोफायबर कापडाने हलकेच पुसा. लिक्विड थेट काचेवर न टाकता कापडावर घ्या.
• आठवड्यातून एकदा तरी कॅमेरा बाहेर काढा आणि वापरा.

सेकंड हँड लेन्स घेताय?

दोन्ही झाकणं काढा, ॲपर्चर उघडं आहे ना ते बघा. एका बाजूने मोबाईलचा टॉर्च तिरका मारा आणि दुसऱ्या बाजूने पाहा. धुळीचे दोन-चार कण जुन्या लेन्समध्ये असतातच, त्यांनी फोटो बिघडत नाही. पण फांद्या फुटल्यासारखे धागे दिसले, तर किंमत कितीही कमी असली तरी ती लेन्स परत ठेवा.