झाकलेलं हरवू नये

'मास्क' म्हटलं की २०२० सालच्या साथीतली तोंडावरची पट्टी आठवते. फोटोच्या धंद्यात मात्र हा शब्द फार जुना आहे. चित्रातलं काय दिसू द्यायचं आणि काय झाकायचं, हे ठरवणारा आडपडदा म्हणजे मास्क. यवतमाळ जिल्ह्यातल्या झरी जामणीकडचा एखादा लग्नाचा अल्बम उघडून पाहा. नवरानवरी बदामाच्या आकारात, भोवती वेलबुट्टी, कडा धुक्यात विरलेल्या. आज हे संगणकावर होतं, पण युक्ती दीडशे वर्षांहून जुनी आहे.

डार्करूमच्या काळात फोटोग्राफर काळ्या पुठ्ठ्याला लंबगोल भोक पाडत. एन्लार्जरचं भिंग आणि कागद यांच्या मध्ये तो पुठ्ठा धरून किंचित हलवत राहत. उजेड न पोचलेला कागद पांढराच राही आणि पुठ्ठा हलता असल्यानं कड मऊ उमटे. १८५७ साली इंग्लंडमध्ये ऑस्कर रेलँडर यांनी याच तत्त्वावर, एक भाग उघडा ठेवून बाकीचा झाकत, तीसेक निगेटिव्हमधून एकच भव्य चित्र छापलं. १८९८ मध्ये फ्रान्सच्या जॉर्ज मेलिये यांनी पडद्यावर स्वतःचंच डोकं काढून टेबलावर ठेवून दाखवलं! तीच फिल्म पुन्हा पुन्हा चालवायची आणि नको तो भाग काळा ठेवायचा, हे त्यातलं गुपित.

आपल्याकडे १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' आणि १९१९ साली 'कालिया मर्दन' पडद्यावर आणणारे दादासाहेब फाळके मुळात फोटोग्राफी आणि छपाईच्या धंद्यातले. त्यांच्या पडद्यावरच्या चमत्कारांमागे त्या धंद्याचा सराव होता.

१९८७ मध्ये अमेरिकेत थॉमस नोल या विद्यार्थ्यानं चित्रांसाठी एक प्रोग्राम लिहायला घेतला. भाऊ जॉनच्या साथीनं तो वाढला आणि १९९० मध्ये 'फोटोशॉप' या नावानं बाजारात आला. १९९४ च्या तिसऱ्या आवृत्तीत लेयर, म्हणजे एकावर एक ठेवलेले थर आले. थराला जोडलेला मास्क हे एक काळंपांढरं चित्रच असतं. काळं झाकतं, पांढरं दाखवतं, करडं अर्धवट दाखवतं. काळा पुठ्ठा उजेड अडवत असे, तसंच हे.

हवा तसा मास्क करणं अवघड नाही. बदामाऐवजी आपल्या भागातलं सागाचं पान घ्या, कापसाचं बोंड घ्या, नाहीतर अंगणातली रांगोळी. पांढऱ्या कागदावर काळ्या शाईनं ती आकृती भरीव काढा, मोबाइलनं फोटो घ्या, संगणकावर काळ्याचं पांढरं नि पांढऱ्याचं काळं करा आणि मास्कमध्ये चिकटवा. कड थोडी धूसर केली की झालं. फोटोशॉप नसेल तर फुकट मिळणाऱ्या 'गिंप'मध्येही हे जमतं.

आता मुद्द्याची गोष्ट. पुष्कळ घरांत आजोबांचा एकच फोटो असतो. तो सजवायला दिला की आजोबांचा चेहरा तेवढा लंबगोलात उरतो. मागचं घर, दावणीचा बैल, कडेला उभी असलेली आत्या, सगळं जातं. पूर्वी छापील फोटोत झाकलेलं निगेटिव्हमध्ये शाबूत असे. आजही थरांसकट ठेवलेल्या फाइलमध्ये ते शाबूत असतं. पण हाती येते ती जेपीजी. तिच्यात थर नसतात. दिसतं तेवढंच उरतं.

म्हणून सजवलेला फोटो भिंतीवर लावा, पण मूळ फोटोचं पूर्ण स्कॅन स्टुडिओवाल्याकडून मागून घ्या आणि दोन ठिकाणी जपून ठेवा. नातवानं उद्या विचारलं, 'कडेला कोण उभं होतं?' तर दाखवायला काहीतरी हवं.