किल्ल्या कुणाच्या कमरेला?

धुळ्याच्या जुन्या पेठेतल्या गल्ल्या नावांपेक्षा क्रमांकांनी ओळखल्या जातात. 1818 मध्ये पेशवाई बुडाली आणि खानदेशावर इंग्रजांचा कॅप्टन ब्रिग्ज आला. त्याने बऱ्हाणपूरहून सुतार-लोहार बोलावले, घरांसाठी जागा व कर्जे दिली आणि नवी पेठ वसवली. गाव सरकारने उभारले, आणि त्याचा कारभारही सरकारनेच हात राखून गावाला दिला. धुळ्यात 1862 मध्ये आणि जळगावात 1864 मध्ये नगरपालिका झाली, पण सूत्रे कलेक्टरकडे होती. स्थानिक स्वराज्याच्या 1882 च्या रिपन ठरावानंतर निवडून आलेले सभासद वाढले, तरी मंजुरीचा शिक्का साहेबाच्या मेजावरून हलला नाही.

स्वराज्यात साहेब गेला, शिक्का राहिला. दिल्लीचेच पाहा: तिला 69 व्या घटनादुरुस्तीने विधानसभा मिळाली, पण पोलीस आणि जमीन केंद्राने स्वतःकडे ठेवली. 2023 च्या कायद्याने अधिकाऱ्यांच्या बदल्यांतही केंद्राचा शब्द अखेरचा ठरला. राजधानी साऱ्या देशाची, हे त्याचे समर्थन. जळगाव-धुळ्याला तेही लागू नाही, तरी खेळ तोच. इथली दिल्ली म्हणजे मंत्रालय. 2003 मध्ये दोन्ही शहरांत महापालिका झाली. महापौर शहराचा, आयुक्त मात्र राज्य सरकारने धाडलेला. 74 व्या घटनादुरुस्तीनुसार मुदत संपण्याआधी निवडणूक व्हायला हवी. तरीही 2023 मध्ये दोन्ही सभागृहांची मुदत संपली आणि आयुक्तच प्रशासक झाले. ठराव मांडणारा आणि मंजूर करणारा हात एकच झाला.

यावर कुणी जळगाव पालिकेने हुडको या सरकारी वित्तसंस्थेकडून काढलेले कर्ज पुढे करील: नगरसेवकांच्या हाती तिजोरी दिली की शहर गहाण पडते, म्हणून वरचा लगाम हवाच. आक्षेप पोकळ नाही. त्या कर्जाचा भार शहराने वर्षानुवर्षे वाहिला. पण पालिकेला कर्ज काढायचे तर राज्याची मंजुरी कायद्यानेच लागते. लगाम तेव्हाही होता. चूक झाली तेव्हा तो धरणाऱ्याला कुणी जाब विचारला नाही. नगरसेवकाला निदान पाच वर्षांनी वॉर्डात तोंड दाखवावे लागते, प्रशासकाची बदली होते. लेखापरीक्षण कडक असावे, न्यायालयाचा धाक असावा, याबद्दल वाद नाही. मात्र हिशेब तपासायला आलेल्याने घरातच मुक्काम ठोकून किल्ल्या कमरेला लावल्या, तर त्याला देखरेख म्हणत नाहीत. 1862 च्या कलेक्टरने निदान हे स्वराज्य आहे असा दावा केला नव्हता.