फाइल आपली, प्लेयर कोणाचा?

रस्ता खणताना महापालिकेचे लोक ठेवतात तसला नारिंगी-पांढरा शंकू तुमच्या फोनमध्ये नसेल, तर घरच्या जुन्या लॅपटॉपवर नक्की असेल. व्हीएलसी प्लेयर. जगभरात तो ६०० कोटींहून जास्त वेळा डाउनलोड झाल्याचं जानेवारी २०२५मध्ये जाहीर झालं. एवढा पसारा असूनही हा प्लेयर जाहिरात दाखवत नाही, मोबाइल नंबर मागत नाही, ‘तुमच्यासाठी खास’ म्हणून काही गळ्यात मारत नाही. फाइल दिली की चालवतो आणि गप्प बसतो.

मी पोटासाठी सॉफ्टवेअर लिहितो, त्यामुळे हे गप्प बसणं किती अवघड आहे ते मला माहीत आहे. इतके लोक रोज एखादी गोष्ट उघडत असतील, तर त्यातून पैसे कसे काढायचे हा प्रश्न मीटिंगमध्ये पहिल्या पाच मिनिटांत येतो. मग व्हीएलसीच्या बाबतीत तो आला नाही का? आला. त्याचं उत्तर काय दिलं गेलं आणि ते देणं शक्य कशामुळे झालं, याची ही गोष्ट आहे. घरी सिनेमा-गाणी लावायच्या सॉफ्टवेअरचा इतिहास म्हटलं की आपण एमबी, पिक्सेल, कोडेक यांच्या गप्पा मारतो. मला तो जास्त करून मालकीचा इतिहास वाटतो.

गेम खेळायला नेटवर्क हवं होतं

सुरुवात हॉस्टेलवर होते. पॅरिसच्या दक्षिणेला शातने-मालाब्री नावाचं उपनगर आहे. तिथे ‘एकोल सांत्राल पारी’ या इंजिनिअरिंग कॉलेजचा कॅम्पस होता. हॉस्टेलचं नेटवर्क विद्यार्थीच चालवायचे. ते ‘टोकन रिंग’ पद्धतीचं होतं. म्हणजे वर्गात खडू फिरवायचा आणि ज्याच्या हातात खडू असेल त्यानेच बोलायचं, असा प्रकार. ईमेलला ठीक, पण नव्वदच्या दशकाच्या मध्यात ‘डूम’सारखे गेम आले. गोळी झाडल्यावर खडूची वाट कोण बघणार?

पोरांनी कॉलेजकडे वेगवान नेटवर्क मागितलं. कॉलेजने त्यांना भागीदार कंपन्यांकडे पिटाळलं. त्यातल्या ‘बुईग’ या बड्या उद्योगसमूहाला टीव्हीच्या धंद्यात रस होता. त्यातून कल्पना निघाली: हॉस्टेलच्या प्रत्येक खोलीला वेगळी छत्री आणि डीकोडर देण्यापेक्षा छतावर एकच मोठी डिश लावायची आणि चित्र नेटवर्कवरून प्रत्येकाच्या कॉम्प्युटरवर पाठवायचं. त्यासाठी नेटवर्क वेगवान लागणारच! कंपनीला प्रयोग मिळाला, पोरांना गेमसाठी नेटवर्क. १९९६च्या सुमारास सुरू झालेल्या या प्रकल्पाचं नाव होतं ‘नेटवर्क २०००’.

१९९८मध्ये तो नव्याने लिहिला गेला आणि ‘व्हिडिओलॅन’ झाला. त्यात दोन भाग होते, पाठवणारा सर्व्हर आणि दाखवणारा क्लायंट. ‘व्हिडिओलॅन क्लायंट’ म्हणजेच व्हीएलसी. विद्यार्थ्यांच्या नेटवर्क मंडळाने कुठून कुठून गोळा केलेले रस्त्यावरचे शंकू त्यांच्याकडे पडून होते, तेच चिन्ह झालं.

या जन्मकथेचा एक परिणाम तुम्ही अनुभवला असेल. नेटवर्कवरून येणाऱ्या चित्रात तुकडे गळतात, उलटसुलट क्रमाने येतात. असं फाटकं-तुटकं जमेल तितकं दाखवायचं, हे व्हीएलसीच्या हाडात पहिल्यापासून होतं. म्हणून अर्धवट डाउनलोड झालेली फाइलही तो चालवतो. दुसरं म्हणजे, चित्र उलगडण्याची यंत्रणा, म्हणजे कोडेक, तो स्वतःसोबतच घेऊन आला. २०००नंतरच्या दशकात ज्यांच्या घरी विंडोजचा कॉम्प्युटर होता त्यांना आठवेल: फाइल उघडावी तर नुसता आवाज, चित्र काळं. मग कुठूनतरी ‘कोडेक पॅक’ शोधून आणायचा आणि सोबत व्हायरसही आणायचा. व्हीएलसीने ही कटकट संपवली.

पण मला सर्वांत महत्त्वाची तारीख वाटते ती १ फेब्रुवारी २००१. त्या दिवशी कॉलेजच्या संमतीने हे सगळं जीपीएल या परवान्याखाली खुलं झालं. साध्या भाषेत त्याचा अर्थ असा: कोड कोणीही वाचावा, बदलावा, वाटावा, पण वाटताना पुढच्यालाही हेच हक्क द्यायचे. एकदा दिलेला कोड परत घेता येत नाही.

पुढे ज्याँ-बातिस्त केंफ नावाच्या विद्यार्थ्याने हा डोलारा सांभाळला. जुनी पोरं पास होऊन पांगत होती, तेव्हा प्रकल्प कॉलेजबाहेर काढून त्याची ना-नफा संस्था उभी करण्यात त्याचा मोठा वाटा होता. जाहिराती आणि टूलबार घालण्यासाठी आपल्याला कोट्यवधी युरोंचे प्रस्ताव आले आणि आपण ते नाकारले, हे त्याने अनेकदा सांगितलं आहे. माणूस म्हणून त्याचं कौतुक आहेच. पण कोडवर शंभराहून अधिक लोकांचा हक्क होता. उद्या कोणी तो बाटवलाच असता, तर बाकीच्यांना तोच कोड घेऊन दुसरं दुकान थाटता आलं असतं. चांगुलपणाला परवान्याचा टेकू होता.

कुलूप आणि पंधरा वर्षांचा मुलगा

याच काळात दुसरा पक्षही कामाला लागला होता. डीव्हीडी आली तीच कुलूप घालून. तबकडीवरचं चित्र सीएसएस नावाच्या पद्धतीने सांकेतिक केलेलं असे आणि किल्ल्या फक्त पैसे भरणाऱ्या प्लेयर-निर्मात्यांना मिळत. शिवाय जगाचे प्रदेश पाडलेले होते: अमेरिका एक, भारत पाच. न्यू जर्सीच्या मावशीने प्रेमाने आणलेली डीव्हीडी पुण्यातल्या प्लेयरने नाकारावी, यात तांत्रिक अडचण काही नव्हती. ते ठरवून केलेलं होतं.

लिनक्सवर चालेल असा परवानाधारक प्लेयर मिळत नव्हता. १९९९मध्ये योन लेक योहान्सेन या नॉर्वेतल्या पंधरा वर्षांच्या मुलाने आणि त्याच्या निनावी साथीदारांनी हे कुलूप उघडणारा छोटा प्रोग्रॅम जगासमोर ठेवला. त्याच्यावर खटला झाला. २००३च्या जानेवारीत तो निर्दोष सुटला, अपिलातही त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सुटला. विकत घेतलेली तबकडी आपल्याच कॉम्प्युटरवर बघणं हा गुन्हा नाही, असं त्या न्यायालयांचं म्हणणं पडलं. व्हिडिओलॅननेही डीव्हीडी वाचणारी स्वतःची लायब्ररी लिहिली. अमेरिकेतल्या कायद्याच्या भीतीने लिनक्सच्या अनेक आवृत्त्यांनी ती सोबत द्यायचं टाळलं. वापरणारे ती वेगळी आणून बसवत.

वेगळी चूल

व्हीएलसी हा कॉम्प्युटरवरचा प्लेयर. पण सोफ्यावर बसून, हातात रिमोट घेऊन आपला सगळा संग्रह पोस्टरसकट बघायचा असेल तर? ती वाट गेमच्या डब्यातून निघाली.

मायक्रोसॉफ्टचा पहिला एक्सबॉक्स २००१च्या अखेरीस आला. आत साधारण कॉम्प्युटरचेच भाग: ७३३ मेगाहर्ट्‌झचा प्रोसेसर, ६४ एमबी रॅम. हौशी लोकांनी त्यात चिप बसवून कंपनीचं कुलूप काढलं आणि त्यावर सिनेमे चालवायला लागले. त्यातून ‘एक्सबॉक्स मीडिया सेंटर’ जन्मलं. पण ते तयार करायला लागणारी अवजारं मायक्रोसॉफ्टची होती, त्यामुळे तयार प्रोग्रॅम वाटणं कायद्यात बसत नव्हतं. मंडळी फक्त कोड प्रसिद्ध करायची. शिजवायचं ज्याचं त्याने. २०१४मध्ये त्याचं नाव ‘कोडी’ झालं, तोवर मूळ एक्सबॉक्स कधीच मागे पडला होता.

या कोडवरून इतरांनी आपापल्या चुली मांडल्या. आमच्या धंद्यात याला फोर्क म्हणतात. मराठीत ‘वेगळं निघणं’ हा शब्दप्रयोग चपखल बसतो. मॅकसाठी वेगळा निघालेला फाटा म्हणजे ‘प्लेक्स’. घरच्या एका कॉम्प्युटरवर सिनेमे ठेवा आणि टीव्हीवर, फोनवर, कुठेही बघा, ही सोय त्याने फार छान केली. पण प्लेक्स कंपनी झाली, त्याचा सर्व्हर बंदिस्त राहिला. एप्रिल २०२५पासून घराबाहेरून स्वतःच्याच सर्व्हरवरचा व्हिडिओ बघायला पैसे लागू लागले. सिनेमा तुमचा, हार्ड डिस्क तुमची, वीजबिल तुमचं, इंटरनेट तुमचं. दारावरचा पहारेकरी मात्र त्यांचा.

दुसरी वंशावळ आणखी बोलकी आहे. मायक्रोसॉफ्टने स्वतःही ‘विंडोज मीडिया सेंटर’ काढलं होतं. त्याला जोड म्हणून काही जणांनी ‘मीडिया ब्राउझर’ लिहिलं. २०१५मध्ये विंडोज १० आलं आणि मायक्रोसॉफ्टने मीडिया सेंटर गुंडाळलं, पण मीडिया ब्राउझर तोवर स्वतंत्र सर्व्हर होऊन ‘एम्बी’ या नावाने नांदत होतं. २०१८च्या अखेरीस एम्बीने आपला पुढचा कोड खुला ठेवायचं बंद केलं. तेव्हा नाराज मंडळींनी शेवटचा खुला कोड उचलला आणि डिसेंबर २०१८मध्ये ‘जेलीफिन’ सुरू केलं. ते आजही फुकट आहे, खुलं आहे आणि तुमचं खातं तुमच्याच घरातल्या मशीनवर असतं.

या साखळीत मालकांनी तीनदा मन बदललं. दर वेळी वापरणाऱ्यांचं काय झालं, हे मालक चांगला की वाईट यावर ठरलं नाही. शेवटचा खुला कोड कोणाच्या हातात होता, यावर ठरलं.

आपल्या फोनमधली गोष्ट

भारतात हीच गोष्ट मोबाइलवर घडली. आपल्यापैकी बहुतेकांचं पहिलं ‘होम थिएटर’ म्हणजे मेमरी कार्ड आणि एमएक्स प्लेयर. मित्राकडून शेअरइटने घेतलेली फाइल, हॉस्टेलची अंधारी खोली, बोटाने सरकवून वाढवलेला आवाज. मूळचं कोरियन असलेलं हे ॲप फार सुबक होतं. मग परवान्याच्या कारणाने त्यातून डॉल्बी आणि डीटीएस आवाज चालवणारे कोडेक निघाले. भारतातल्या पोरांनी यावर ‘कस्टम कोडेक’ची झिप फाइल शोधून बसवायची कला आत्मसात केली. दहावीच्या भूमितीपेक्षा ही कृती जास्त जणांना पाठ असावी.

२०१८मध्ये टाइम्स इंटरनेटने हे ॲप घेतलं. २०१९च्या सुरुवातीला तेच ॲप वेबसिरीज दाखवणारं ओटीटी झालं आणि २०२४मध्ये ॲमेझॉनकडे गेलं. यात कोणी कोणाला फसवलं असं मी म्हणणार नाही. फुकट वेबसिरीज बघायला मिळाल्या, त्या अनेकांना आवडल्या. पण फाइल चालवायला घेतलेलं अवजार एके दिवशी टीव्ही चॅनल झालं आणि आपण तेच आयकॉन दाबत राहिलो. दोन्ही प्लेयर एकाच फोनमध्ये होते. एक विकला जाऊ शकत होता, दुसरा नाही.

अर्थात खुला परवाना म्हणजे अभेद्य किल्ला नव्हे. फेब्रुवारी २०२२पासून व्हिडिओलॅनची वेबसाइट भारतात उघडेनाशी झाली. आधी नोटीस नाही, जाहीर कारण नाही. संस्थेने इंटरनेट फ्रीडम फाउंडेशनच्या मदतीने सरकारला कायदेशीर नोटीस पाठवली आणि नोव्हेंबरमध्ये बंदी उठली. नऊ महिने अधिकृत दार बंद होतं. अशा वेळी लोक भलत्याच साइटवरून तेच सॉफ्टवेअर उतरवतात, आणि खरा धोका तिथे असतो.

आणि कपाटातल्या व्हीसीडी

मराठी माणसाला या सगळ्याचं काय, याचं उत्तर बहुतेक घरांत कपाटाच्या वरच्या कप्प्यात आहे. १९९३च्या मानकाची व्हीसीडी अमेरिकेत फारशी चालली नाही, आपल्याकडे मात्र तुफान चालली. एका तबकडीवर ७४ मिनिटं. म्हणून सिनेमा दोन-तीन तबकड्यांचा आणि ऐन रंगात ‘उठ, दुसरी लाव’. मराठी सिनेमे, नाटकांची चित्रीकरणं, कीर्तनं, लग्नं, मुंजी, सगळं त्यावर आलं. चित्राचा दर्जा बेताचाच, ३५२ बाय २८८ पिक्सेल. पण तिला डीव्हीडीसारखं कुलूप नव्हतं. आत ‘एमपेगएव्ही’ नावाचा फोल्डर आणि त्यात डॅट शेपटीची एक फाइल. फोन त्या फाइलला ओळखत नाही, शंकू ओळखतो.

त्यातल्या कितीतरी गोष्टी कुठल्याही ओटीटीवर नाहीत आणि येणारही नाहीत, कारण त्यात कोणाला धंदा दिसत नाही. चंदेरी थर खराब होतो, ओरखडे पडतात, सीडी ड्राइव्ह असलेले लॅपटॉप भंगारात जात आहेत. म्हणजे घड्याळ चालू आहे.

देवनागरीचाही असाच अनुभव आहे. कित्येक प्लेयरमध्ये मराठी सबटायटल लावलं की पहिली वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन बसायची आणि जोडाक्षरं फुटायची. अक्षरं जुळवायला वेगळी यंत्रणा लागते. ‘हार्फबझ’ या खुल्या लायब्ररीने ती केली आणि आज अँड्रॉइडपासून ब्राउझरपर्यंत अनेक ठिकाणी तीच कामाला आहे. कोणा एका कंपनीला मराठीची बाजारपेठ दिसेपर्यंत आपण थांबलो असतो, तर ‘क्ष’ बघायला अजून बरीच वर्षं लागली असती.

मी ओटीटीविरोधी नाही. दोन वर्गण्या मीही भरतो. नवीन सिनेमा बघायला तीच सोय आहे. पण वर्गणीने आपल्याला बघायची परवानगी मिळते, वस्तू मिळत नाही. जे आपल्याच घरचं आहे, आजीच्या आवाजातली ओवी, आत्याचं लग्न, गल्लीतल्या गणपतीतलं नाटक, त्यासाठी परवानगी देणारा तिसरा माणूस मध्ये नको.

जमेल तर या दिवाळीच्या साफसफाईत तो वरचा कप्पा काढा. दीड-दोन हजारांत यूएसबीला लागणारा सीडी ड्राइव्ह मिळतो, चौघांनी मिळून एक घेतला तरी पुरे. तबकडी मऊ कापडाने मधून कडेकडे पुसा, डॅट फाइल कॉपी करा, नाव आणि साल मराठीत लिहा, दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. व्हीसीडीला साधारण ७०० ते ८०० एमबी लागतात. फोनमध्ये पडलेल्या ‘गुड मॉर्निंग’च्या फोटोंना कदाचित याहून जास्त लागत असतील.