ठग : वेरूळची लेणी, एक कायदा आणि ‘थग लाइफ’



रील तुम्ही पाहिलेलं असणार. कुणीतरी समोरच्याला खणखणीत उत्तर देतं, चित्र थांबतं, डोळ्यांवर काळा चौकोनी गॉगल उतरतो, मागे रॅप वाजतं आणि अक्षरं झळकतात : थग लाइफ. इंग्रजीत ‘थग’ म्हणजे गुंड, मवाली. पण हा शब्द इंग्रजांनी आपल्याकडून नेला. त्याच्या प्रवासातला एक थांबा तर खुलताबाद तालुक्यात आहे, वेरूळच्या लेण्यांत. आज तीच गोष्ट.

आधी शब्दाचं मूळ पाहू. संस्कृतात ‘स्थग्’ म्हणजे झाकणं, लपवणं. त्यावरून ‘स्थग’ म्हणजे लबाड माणूस. प्राकृतातून येता येता त्याचा झाला ठग, आणि मराठीत ठकसुद्धा. ठकवणं, ठकबाजी, ‘ठकास महाठक’ हे सगळं त्याच घरातलं. गंमत म्हणजे कोर्टाच्या बातमीतला ‘स्थगित’ही याच धातूचा. म्हणजे ठग हा मुळात मारणारा नव्हे, फसवणारा. शब्द माणसाच्या कृतीबद्दल बोलत होता, जन्माबद्दल नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

शब्द जुना आहे. जियाउद्दीन बरनी हा चौदाव्या शतकातला इतिहासकार. तो लिहितो की सुलतान जलालुद्दीन खिलजीच्या काळात, म्हणजे १२९० च्या आसपास, दिल्लीत सुमारे हजार ठग पकडले गेले. सुलतानाने त्यांना ठार न मारता नावांत बसवून बंगालकडे पाठवून दिलं.

आता एकदम पुढे, कंपनी सरकारच्या काळात येऊ. वाटसरूंशी गोड बोलून ओळख करायची, चार मुक्काम सोबत करायचे आणि मग रुमालाने गळा आवळायचा, अशा टोळ्यांचा माग विल्यम स्लीमन हा अधिकारी जबलपूरकडे काढत होता. दक्षिणेत अशांना ‘फांसीगर’ म्हणत. पकडलेल्यांपैकी काहींना त्याने माफीचे साक्षीदार केलं आणि त्यांच्याकडून टोळीची गुप्त बोली लिहून घेतली. १८३६ मध्ये कलकत्त्याला ‘रामासीआना’ हे पुस्तक छापलं. त्या बोलीत सावज ठरलेल्या वाटसरूला म्हणायचे ‘बनिज’, म्हणजे व्यापाराचा माल. अंगावर काटा येतो ना?

याच पुस्तकात वेरूळ येतं. फिरंगिया नावाचा ठगांचा जमादार साक्षीदार झाला होता. त्याने सांगितलं की आमच्या धंद्यातली प्रत्येक गोष्ट वेरूळच्या लेण्यांत कोरलेली आहे. गळा आवळणं, प्रेत वाहून नेणं, पुरणं, सगळं. आणि ही लेणी माणसाने केलेलीच नाहीत, देवाची करणी आहे.

आपण वेरूळला जाऊन बघू शकतो. ३४ लेणी आहेत, बौद्ध, हिंदू आणि जैन. पंधराव्या लेण्यात नरसिंह हिरण्यकशिपूला धरतो आहे. सोळाव्यात, म्हणजे कैलासात, रावण पर्वत हलवतो आहे. मारामारी आहे, पण ती देव-दानवांची. वाटसरूचा गळा आवळणारी टोळी मात्र दिसत नाही. फिरंगियाला तिथे आपला धंदा दिसला, कारण प्रत्येक धंद्याला आपली परंपरा देवाच्या दारापर्यंत नेऊन पोचवायची असते. पण साहेबाच्या वहीत ते उतरलं आणि ठगी हा हजारो वर्षांचा, धर्माने बांधलेला पंथ आहे, या कल्पनेला बळ मिळालं.

असंच दुसरं नाव आलं दिल्लीच्या निजामुद्दीन औलियांचं. तेही ठगच होते, असं ठगांनी सांगितलं. का? तर त्यांचा दानधर्म मोठा, मग पैसा येतो कुठून? याचं उत्तर खुलताबादेतच मिळतं. निजामुद्दीनांचे शिष्य बुऱ्हाणुद्दीन गरीब यांचा दर्गा इथे आहे. औलियांची संभाषणं ‘फवाइद-उल-फुवाद’मध्ये लिहून ठेवणारा कवी अमीर हसन सिजझीही इथेच चिरनिद्रा घेतो आहे. त्याने समोर बसून टिपलेला माणूस प्रार्थना, संयम आणि दान यांवर बोलतो. पाचशे वर्षांनंतरच्या कैद्याची साक्ष धरायची, की त्या काळच्या टिपणाची? तुम्हीच ठरवा.

खून झालेच नाहीत, असं कुणी म्हणत नाही. प्रेतं खरोखर उकरून काढली गेली. प्रश्न पुढचा आहे. १८३६ च्या कायद्याने ठरवलं की ठगांच्या टोळीत होता एवढं सिद्ध झालं तरी जन्मठेप. अमुक खून याने केला, हे दाखवायची गरज नाही. टोळीत होता हे सांगणार कोण? बहुतेक वेळा माफीचा साक्षीदार. करणीचा शब्द इथे ओळखीचा शिक्का झाला. १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा आला आणि अख्ख्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरल्या. मूल पाळण्यात असतानाच त्याच्या कपाळी शिक्का! ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला; म्हणून ३१ ऑगस्ट हा विमुक्त दिन. पण महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत ‘भामटा’ हे नाव अजून आहे. आपण कुणालाही सहज भामटा म्हणतो तेव्हा तो शब्द कुणाच्या तरी जातीच्या दाखल्यावर छापलेला असतो.

इकडे इंग्रजीत शब्द जोरात पळाला. १८३९ मध्ये निजामाच्या नोकरीतल्या मेडोज टेलरची ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ ही कादंबरी लंडनमध्ये गाजली. त्याच वर्षी थॉमस कार्लाइलने ग्लासगोच्या हिंसक कामगारांसाठी हाच शब्द वापरला. ठग आता हिंदुस्थानातला असायची गरजच उरली नाही. पुढे अमेरिकेत तो काळ्या तरुणांवर चिकटला. टुपाक शकूरने तोच शब्द उलटा फिरवून पोटावर गोंदवून घेतला. २०१४ मध्ये रिचर्ड शर्मन हा काळा फुटबॉलपटू म्हणाला की हल्ली वंशद्वेषी शिवीऐवजी हा शब्द चालवतात. दोनशे वर्षांत मुलूख बदलला, शिक्का मारायची रीत तीच.

आणि आपल्याकडे? भारतीय दंड संहितेच्या कलम ३१० मध्ये ‘ठग’ची व्याख्या १८६० पासून होती. १ जुलै २०२४ ला भारतीय न्याय संहिता लागू झाली, त्यात ते कलम नाही. कायद्यातून ठग गेला, तो असा अगदी काल-परवा.

तर मंडळी, फसवलं त्याला ठग म्हणा, बिनधास्त म्हणा. फक्त म्हणताना एक विचारा : हे त्याने काय केलं म्हणून म्हणतोय, की तो कोण आहे म्हणून? वेरूळला गेलात तर पंधराव्या लेण्यातल्या नरसिंहासमोर थोडं थांबा, आणि तुम्हाला काय दिसलं ते आम्हाला कळवा. भेटू पुढच्या भागात!