कासोट्याची अब्रू

दुसऱ्या महायुद्धाचे दिवस. कापड रेशनवर, नऊवार लुगडं मिळायची मारामार. अशात आजीच्या धाकट्या नणंदेनं, आमच्या ताईआजीनं, वाईच्या घरात पहिलं गोल पातळ आणलं. ती नुकतीच मॅट्रिक होऊन शाळेत शिकवायला लागली होती. पाचवारी स्वस्त पडायचं, धुवायला हलकं. पण ते नेसून ती निघाली आणि पणजीनं तिला ओट्यावरच अडवलं. “कासोटा नाही, मागनं सगळी मोकळी. अशी गावातून जाणार?”

आजी हे सांगताना पणजीचा आवाज हुबेहूब काढायची. पणजीचं गणित सरळ होतं. कासोटा घातला की बाई बांधलेली, सोवळ्याला चालणारी. गोल नेसायचं तर आत परकर हवा, आणि परकर-पोलकं हे तर न्हाण न आलेल्या पोरींचं. घोडीएवढ्या बाईनं परकर घालायचा? हीच पणजी कृष्णेच्या घाटावर ओचे खोचून धुणं बडवायची, पोटऱ्या गुडघ्यापर्यंत उघड्या. त्याचं कुणाला काही वाटत नसे, तिला तर मुळीच नाही.

डोक्यावरच्या पदराचं वेगळंच. शेजारच्या पाटलांच्या वाड्यातली सून पदर डोक्यावरून ढळू देत नसे. तिच्या सासूला आमच्या घरच्या उघड्या डोक्यांच्या बायका अंमळ धीटच वाटत. आणि आमच्याकडे डोक्यावर पदर म्हणजे पणजीची विधवा बहीण: लाल आलवण, केशवपन केलेलं डोकं, कपाळापर्यंत ओढलेला पदर. एकदा आजीनं उन्हासाठी पदर डोक्यावर घेतला तर पणजी कडाडली, “नवरा जिवंत आहे ना तुझा?” मधे एक भिंत, आणि अलीकडे जे अभद्र तेच पलीकडे खानदानी.

आनंदीबाई जोशी 1883 साली अमेरिकेला गेल्या, तेव्हा काय झाकायचं नि काय नाही हा प्रश्न त्यांच्या पोटऱ्यांपाशी येऊन ठेपला. नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहतात. तिथल्या थंडीत ते झेपणारं नव्हतं, आणि तिथल्या लोकांच्या नजरेलाही खटकणारं होतं. म्हणून तिथे त्या साडी गुजराती पद्धतीनं नेसू लागल्या. त्याआधी वीसेक वर्षं कुलीन बंगाली बायकांना घराबाहेर पडायला धड नेसणंच नव्हतं. सत्येंद्रनाथ टागोरांच्या पत्नी ज्ञानदानंदिनी नवऱ्याच्या नोकरीपायी मुंबईला आल्या, पारशी बायकांचं नेसणं त्यांनी पाहिलं आणि त्यावरून परकर-पोलक्यासह नेसायची नवी पद्धत बसवली. आज देशभर जिला ‘आपली साडी’ म्हणतात तिच्या मुळाशी असली उसनवारी आहे. कोळणींनी मात्र मांडीला घट्ट बसणारं लुगडं सोडलं नाही. पाटी डोक्यावर घेऊन झपझप चालायचं तर घोळ परवडत नाही. त्यांना शालीनता शिकवायची छाती कुणाची नव्हती.

ताईआजी बधली नाही. घरात सणावारी नऊवारी, शाळेत गोल, अशी तडजोड आजीनंच घडवून आणली. आणि पुढे चारपाच वर्षांत आजीही गोल नेसू लागली. पणजी गेली तोवर घरात लुगडी फक्त ट्रंकेत उरली होती. कापडाच्या टंचाईनं जे केलं ते सुधारकांच्या व्याख्यानांनी झालं नसतं, असं माझं मत आहे.

गंमत पुढेच. माझी बहीण शाळेत लागली आणि एके दिवशी पंजाबी ड्रेस घालून गेली. छातीवर ओढणी, पाय घोट्यापर्यंत झाकलेले. साडीत उघडी राहणारी पाठ आणि कंबरसुद्धा बंद. मुख्याध्यापकांनी बोलावून सांगितलं, शिक्षिकेनं शालीन पोशाखात यावं. म्हणजे साडीत. म्हणजे त्याच गोल साडीत, जिच्यापायी ताईआजीला ओट्यावर अडवलं होतं! बहिणीनं हा इतिहास त्यांना ऐकवला. त्यांना तो पटला नाही, पण लेखी हुकूम काढायचंही धाडस झालं नाही. निवृत्त होईपर्यंत ती पंजाबी ड्रेसच घालून शिकवत राहिली.