चाडचे तेल आणि गरिबांसाठीचा कायदा

गरीब देशात तेल सापडले म्हणजे तिथल्या गरिबाचे दैव उघडतेच असे नाही, हे नायजेरिया आणि अंगोला यांच्या उदाहरणांवरून विसाव्या शतकातच दिसून आले होते. म्हणूनच मध्य आफ्रिकेतील चाडमध्ये जागतिक बँकेने केलेला प्रयोग मला मुळापासून तपासावासा वाटला. तेलाचा पैसा गरिबांवरच खर्च व्हावा, हे कायद्याने बांधून घेण्याचा तो प्रयत्न होता.

चाड १९६० साली फ्रान्सपासून स्वतंत्र झाला आणि पुढची बरीच वर्षे यादवीत होरपळला. दक्षिणेकडील डोबा खोऱ्यात १९७० च्या दशकातच तेल सापडले होते. पण देशाला समुद्रकिनारा नाही. तेल विकायचे तर कॅमेरून ओलांडून क्रिबीच्या किनाऱ्यापर्यंत सुमारे १,०७० किलोमीटरची वाहिनी टाकणे भाग होते. खर्चाचा अंदाज होता सुमारे ३७० कोटी डॉलर. एक्सॉनमोबिल, शेव्हरॉन आणि मलेशियाची पेट्रोनास या कंपन्यांपाशी भांडवल होते. पण बंडाने सत्तेवर आलेल्या इद्रिस देबी यांच्या राजवटीत ते गुंतवायचे, तर जागतिक बँकेचा आधार त्यांना हवा होता. बँकेने चाडला दिलेले कर्ज अवघे ३ कोटी ९५ लाख डॉलरचे. तिचे खरे वजन तिच्या नावात होते.

त्या नावाची किंमत म्हणून १९९९ चा कायदा झाला. तेलाचे स्वामित्वधन आणि लाभांश लंडनमधील एका खात्यात जमा व्हायचे. त्यातले १० टक्के पुढच्या पिढ्यांसाठी राखायचे. उरलेल्यातले ८० टक्के शिक्षण, आरोग्य, ग्रामविकास अशा कामांना आणि ५ टक्के डोबा परिसराला द्यायचे. देखरेखीला नऊ जणांचे मंडळ नेमले. त्यात कामगार संघटना आणि स्वयंसेवी संस्थांचेही प्रतिनिधी होते. जून २००० मध्ये बँकेने प्रकल्प मंजूर केला. त्याच वर्षी कंपन्यांकडून करारापोटी मिळालेल्या रकमेचा काही भाग सरकारने शस्त्रखरेदीत घातला. ही रक्कम कायद्याच्या कक्षेबाहेर होती.

कायद्याचा कच्चा दुवा इथेच होता, असे मला वाटते. तो लागू होता फक्त मूळच्या तीन तेलक्षेत्रांना, आणि तेही स्वामित्वधन व लाभांशापुरता. कंपन्यांवरचा प्राप्तिकर आणि पुढे सापडणारी नवी क्षेत्रे त्यात नव्हती. भाव चढू लागले तसा पैशाचा मोठा ओघ कायद्याला वळसा घालून सरळ तिजोरीत जाऊ लागला.

२००३ मध्ये तेल वाहू लागले. दोनच वर्षांनी, पूर्वेकडून बंडखोरांचा जोर वाढत असताना, संसदेने कायदा बदलला. पुढच्या पिढ्यांचा निधी रद्द झाला आणि अग्रक्रमाच्या कामांत ‘सुरक्षा’ आली. जानेवारी २००६ मध्ये बँकेने १२ कोटी ४० लाख डॉलरची कर्जे रोखली. चाडने तेलच बंद करण्याची धमकी दिली. जुलैमध्ये तडजोड झाली, तीही टिकली नाही. सप्टेंबर २००८ मध्ये चाडने बँकेचे उरलेले ६ कोटी ५७ लाख डॉलर मुदतीआधीच फेडले आणि बँक प्रकल्पातून बाहेर पडली. त्या वर्षी तेलाने पिंपामागे शंभर डॉलरचा टप्पा ओलांडला होता.

या घटनाक्रमाचा मला लागलेला अर्थ असा. वाहिनी जमिनीत जाईपर्यंत भूवेष्टित चाडला बँकेची गरज होती. वाहिनी पुरली गेली आणि पारडे फिरले. कर्जदाराच्या हाती पैसा खेळू लागला की सावकाराच्या अटींना कोण विचारतो? सडकेवरची शाळा अर्धवट का राहिली, हे विचारण्याची ताकद देखरेख मंडळाच्या अहवालात थोडीबहुत होती. पण गुन्हा नोंदवणारे पोलीस आणि निकाल देणारी न्यायालये ज्या सरकारच्या मुठीत, त्याच सरकारचा हिशेब ते तपासत होते. मतदार, वृत्तपत्रे, न्यायालये यांचा धाक बाहेरून उसना आणता येत नाही, आणि तो रुजायला लागणारा काळ कोणत्याच कर्जाच्या वेळापत्रकात बसत नाही.

मानव विकास निर्देशांकात चाड आजही तळाच्या मोजक्या देशांत आहे.